टोकन नंबर ४१७

“मिळाली!” तपासणी केंद्राच्या पायऱ्या दोन-दोन करत दिपाली खाली आली. हातात सीडीचं पातळ पाकीट होतं. “चार अर्ज, एक नोटीस, तेव्हा कुठे दिली, मामा!”

दौलतमामा मोटारसायकलला टेकून उभे होते. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. खोकल्याची उबळ जिरवली आणि म्हणाले, “सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुझ्या. आधी मिसळ खाऊ.”

“मिसळ नंतर. डॉक्टर अंजलींनी साडेअकराची वेळ दिलीय.”

“आन् त्यात काय न्हाई निघालं तर? दिपे, दाजी गेले. आता उकरून काय मिळायचं?”

दिपालीनं हेल्मेट चढवलं. वर्षभर मामा हेच म्हणत होते, आणि वर्षभर तिला सगळीकडे तेच घेऊन जात होते.

तिचे वडील साहेबराव, म्हणजे आबा, महाळुंग्याजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे ग्राइंडिंगला होते. मामा तिथेच पॅकिंगला. दोन वर्षांपूर्वी ग्राइंडिंगवाल्यांना टोकनं देऊन त्यांची छाती तपासायला याच केंद्राची एक्स-रेची गाडी आवारात आली होती. अहवाल आला, दोन्ही फुप्फुसं निर्दोष. तो दिपालीनंच मोठ्यानं वाचून दाखवला होता. “आबा, काही नाही. धुळीचा खोकला आहे,” असंही तीच म्हणाली होती. आबांनी कागद न बघताच देव्हाऱ्यामागे सरकवला होता.

आठ महिन्यांनी कर्करोग निघाला. शेवटचा टप्पा. त्यानंतर आबा चार महिने होते.

दिपाली चाकणच्या एका प्रयोगशाळेत कच्चा माल तपासायची. एवढी मोठी गाठ आठ महिन्यांत शून्यातून उभी राहत नाही, हे तिनं रात्री जागून वाचलेल्या प्रत्येक शोधनिबंधात होतं. म्हणजे ती त्या एक्स-रेत असणार. बघणाऱ्यानं नीट बघितलं नव्हतं. तसं असेल, तर आबांना धीर देण्यात तिची चूक नव्हती.

वकील सादिकाताईंनी बजावलं होतं, “ग्राहक आयोगापुढे नुसतं दुःख चालत नाही. मूळ एक्स-रे आण आणि बाहेरच्या तज्ज्ञाचं लेखी मत आण. ते असेल तरच मी तक्रार दाखल करीन.”

भोसरीच्या सिग्नलला गाडी थांबली. मामांचा डावा खांदा तिच्या डोळ्यांसमोर होता, नेहमीसारखा उतरता. तरुणपणी बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढे धावणाऱ्या घोडीवरून ते पडले होते. “पडलो, पर गाडा पयला आला,” हे प्रत्येक लग्नात सांगायचे. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं.

“मामा, किती बारीक झालात!”

“तुझ्या मामीच्या हातची भाजी खा महिनाभर, तू बी व्हशील.”

सिग्नल सुटला तशी दिपाली मोठ्यानं हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

चिंचवडला क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर अंजलींनी सीडी संगणकात सरकवली. पडद्यावर छाती उमटली. दिपालीनं सवयीनं आधी कोपऱ्यातला मजकूर वाचला. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तेच शिकवतात, आधी लेबल, मग नमुना. नाव साहेबराव. वय एक्कावन्न. टोकन ४१७. तारीख बरोबर. तिनं तीनदा ताडून पाहिलं.

डॉक्टर चित्र मोठं करत गेल्या. थांबल्या.

“ही बघ. उजव्या फुप्फुसात वर, बरगडीच्या आड. दीड सेंटिमीटर तरी आहे. हे सुटायला नको होतं. त्याच आठवड्यात पुढचा स्कॅन सांगायला हवा होता.”

“आबांची गाठ उजवीकडेच निघाली होती!” दिपाली खुर्चीतून उठलीच. तिनं फोन लावला. “ताई, आहे! स्पष्ट दिसतेय!”

“डॉक्टर लेखी देतील?” सादिकाताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

“देताहेत!”

“मग सोमवारी दाखल करू. शाब्बास, पोरी!”

दिपालीला एकदम रडू आलं आणि हसूही. “मामा, मी म्हणत होते ना! ऐकलंत?”

मामा पडद्याच्या अगदी जवळ येऊन उभे होते.

“डॉक्टरीणबाई, ते पांढरं... पक्कं तेच हाय?”

“शंभर टक्के स्कॅननंतरच सांगतात. पण दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.”

“आन् हे दोन वर्सांपूर्वीचं.”

“हो. तेव्हा सापडलं असतं, तर माणूस वाचला असता.”

डॉक्टर मत टंकू लागल्या. मध्येच त्यांची बोटं थांबली.

“एक तपशील विचारते. गळ्यापासून खांद्याकडे जाणारं डावं हाड पूर्वी मोडलेलं दिसतंय, वाकडं सांधलेलं. वडिलांना कधी अपघात झाला होता?”

“नाही. आबांचं हाड कधीच मोडलं नाही,” दिपाली म्हणाली, आणि मागे वळली.

मामांचा उजवा हात डाव्या खांद्यावर होता. नजर पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर.

“त्या दिशी दाजींना लई खोकला व्हता. ठेकेदार खोकणाऱ्यांना घरी बसवणार व्हता,” ते म्हणाले. “टोकन दाजींचं व्हतं, दिपे. छाती माझी.”