एकुलता एक रंगरूट

रंगरूट आपली पेटी घेऊन परेडच्या मैदानात उभा होता. अंगात गणवेश नव्हता, घरचे कपडे होते. कवायत शिकवणारा उस्ताद लगबगीने त्याच्यापाशी आला.

"निघालास?" त्याने विचारलं, आणि तेही अगदी हळू.

या रंगरुटाशी हळूच बोलायचं, असा कमांडंटसाहेबांचा हुकूम होता. सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, फौजेचे पगार घटले आणि भरतीकडे कोणी फिरकेना. अख्ख्या प्रशिक्षण केंद्रात हा एकच नग उरला होता. त्याला घडवायला मात्र कमांडंट, उस्ताद, आचारी, न्हावी, डॉक्टर, बँडमास्तर असा सगळा गोतावळा. वरून ताकीद आली होती की शिकणारा एक जरी असला तरी केंद्र चालेल. तो गेला की फाटकाला कुलूप आणि सगळ्यांना नारळ.

मग काय विचारता! जावयाचे होणार नाहीत असे लाड सुरू झाले. आचारी सकाळी उशाशी येऊन "आज काय करू?" म्हणून विचारायचा. न्हावी प्रत्येक बटेला परवानगी घ्यायचा. नवे बूट चावू नयेत म्हणून डॉक्टर ते आधी स्वतः घालून हिंडायचा. लांबच्या दौडीत रंगरूट मोकळ्या हातांनी पुढे, आणि त्याचं ओझं पाठीवर घेऊन धापा टाकत बँडमास्तर मागे.

पण खरे हाल उस्तादाचे. आयुष्यभराची त्याची कमाई म्हणजे त्याचा आवाज. त्याने हुकूम सोडला की रस्त्यापलीकडचा दूधवाला सायकलवरून उतरून ताठ उभा राहायचा. घरी बायकोपुढे तो आवाज चालत नसे, म्हणून तर माणूस मैदानात रमलेला. आता मात्र त्याला म्हणावं लागे, "बाळा, जमलं तर डावा पाय आधी टाकतोस का?" रोज तो आवाज गिळायचा आणि रोज त्याचं पोट दुखायचं. तरी गिळायचा. नोकरी गेली तर या वयात नुसत्या आवाजाला कोण विचारणार?

"काय कमी पडलं, राजा?" त्याने आता विचारलं.

तोवर बातमी सगळीकडे पोचली. आचारी हातातल्या झाऱ्यासकट धावत आला. "काल तिखट झालं का रे? मला सांगायचं नाहीस का?" डॉक्टरने उशी बदलून द्यायची तयारी दाखवली. बँडमास्तर तर रडकुंडीलाच आला होता. शेवटी अर्धी दाढी केलेले कमांडंटसाहेब चपला फटफटवत आले.

"बेटा, माझी खोली घे. वारा छान येतो."

"नको, साहेब."

"मग उशिरा ऊठ. कवायत आम्ही करतो, तू नुसता बघत बस."

"नको, साहेब. जाऊ द्या मला." त्याने पेटी उचलली आणि फाटकाची वाट धरली.

उस्ताद त्याच्या पाठीकडे बघत राहिला. नोकरी तर गेलीच. मग आता गिळायचं कशासाठी?

"साऽऽऽवधान!"

मैदान हादरलं. आचाऱ्याच्या हातून झारा पडला. कमांडंटसाहेबांच्या चपला आपोआप एकमेकींना चिकटल्या.

"पेटी खाली! छाती पुढे! हे काय उभं राहणं झालं? दोरीवर वाळत घातलेला पायजमा बरा! कोणाला विचारून निघालास रे, गाढवा? हे काय तुझ्या मामाचं घर आहे?"

इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. उस्तादाला असं हलकं वाटलं की हसूच फुटायला लागलं. कमांडंटसाहेबांनी मात्र कपाळावर हात मारून घेतला.

रंगरूट गर्रकन वळला होता. पेटी मातीत पडली होती, टाचा जुळल्या होत्या, छाती फुगली होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"जी, उस्ताद!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "आज पहिल्यांदा फौजेत आल्यासारखं वाटलं, उस्ताद! चार आत्यांच्या लाडांना कंटाळून घरून पळालो, आणि इथे येऊन बघतो तर कमांडंटसाहेबांसकट सगळ्या आत्याच!"