बाळसं

काटा सात किलो सहाशेवर थांबला आणि मधुराने वाढीच्या रंगीत तक्त्यावर ठिपका मांडला.

"अब लाल में नहीं है," ती मांगीला म्हणाली. "पीले में आ गई तेरी गुनगुन!"

मांगी नुसती हसली. चादरी छापायच्या कारखान्यात धुलाईचं काम करून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. वजनाच्या झोळीतून पोरीला काढून तिने खांद्यावर टाकलं. पावणेदोन वर्षांची गुनगुन निमूटपणे आईच्या मानेत तोंड खुपसून राहिली.

भैरवगढच्या त्या अंगणवाडीत मधुराची वीस वर्षं गेली होती. हाताखालून शेकडो पोरं गेली, पण या पोरीने तिला जो घोर लावला तो दुसऱ्या कुणी लावला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी सहा किलो आठशे भरली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि रडणं असं की गल्लीला झोप नाही. गावात एवढी हॉटेलं उभी राहिली, महाकालाच्या रस्त्याला गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि त्याच हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या बाईच्या घरात ही पोर! मधुराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण राग कुणावर काढणार?

तिने खटपट करून पोषण पुनर्वास केंद्रात गुनगुनसाठी खाट मिळवली होती. चौदा दिवस आईने पोरीजवळ राहायचं, दवा-पाणी, जेवण सगळं तिथेच. मांगी काही केल्या तयार होईना.

"चौदह दिन में तो ठेकेदार दूसरी औरत रख लेगा, दीदी. फिर बाकी तीन को क्या खिलाऊँ?"

मधुरा रागावली, मग गोडीत बोलली, शेवटी हातापाया पडली. मांगी ढिम्म. अखेर तडजोड झाली. मधुरा दर सोमवारी वजन करणार, पोषण आहाराची पाकिटं स्वतः घरी नेऊन देणार. वजन वाढलं नाही तर मात्र केंद्रात जायचंच.

आणि वजन वाढलं. सात. सात दोनशे. दर सोमवारी मधुराचा जीव भांड्यात पडायचा. पाकिटं घरात सगळ्यांच्या एकाच पातेल्यात जातात आणि गुनगुनच्या वाट्याला वरचं पातळ पाणी येतं, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण अंगाला लागतंय ना, मग बोलून कशाला त्या बाईचं मन दुखवायचं?

"पायल उतारनी पड़ी, दीदी. तंग हो गई," मांगीने एकदा सांगितलं, तेव्हा मधुराला मिठी मारावीशी वाटली.

पोरीचे गाल भरले होते. रडणंही थांबलं होतं. मांडीवर घेतली तरी शहाण्यासारखी बसून राही. नियमाप्रमाणे वजनाखेरीज आणखी चार तपासण्या करायच्या असत, पण रांगेत तीस पोरं, आणि जिचं वजन वाढतंय तिचं आणखी काय बघायचं?

सात सहाशे भरली त्याच दुपारी सुपरवायझर निहारिकाताईंचा फोन आला. "मधुराजी, ती खाट अजून अडकवून ठेवायची का? दुसऱ्या एका मुलाला हवीय."

"देऊन टाका, ताई," मधुरा म्हणाली. "माझ्या गुनगुनला नाही लागत आता." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण कुणाला तरी वाचवलं.

आठवड्याने नवमी आली. मधुराच्या घरी दरवर्षी नऊ कुमारिका जेवायला असत. सासूबाईंना, अक्कांना, या दिवसाचं भारी अप्रूप. गल्लीतल्या आठ पोरी ठरलेल्या होत्या.

"नववी कोण गं?" अक्कांनी विचारलं.

"माझी लाडकी येतेय. बघा तर खरं, कसं बाळसं धरलंय!"

"बाळसं बाळसं करू नकोस. नजर लागते," अक्का म्हणाल्या आणि काजळाची डबी शोधायला गेल्या.

मांगी पोरीला नवा फ्रॉक घालून घेऊन आली. घरात पुरी तळल्याचा वास भरला होता, चणे शिजले होते, शिरा उतरला होता. आठ पोरी ओळीने पाटावर बसून ताटांकडे बघत होत्या. गुनगुन तेवढी आईच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून होती.

"नींद आ रही है इसको. दो दिन से ऐसे ही है," मांगी ओशाळून म्हणाली.

"राहू दे. पहिली पूजा हिचीच," मधुरा म्हणाली.

तिने पोरीचे पाय परातीत घेतले. कोमट पाण्याने धुतले, पदराने टिपले. पाय चांगले गुबगुबीत झाले होते. तिने अंगठा कुंकवात बुडवला आणि उजव्या पावलावर टेकवला. माया दाटली होती म्हणून जरा दाबूनच टेकवला, क्षणभर तसाच ठेवला.

मग अंगठा उचलला.

पावलावर खड्डा पडला होता. कणकेत बोट रुतल्यावर पडतो तसा. मधुरा तो भरून यायची वाट बघत राहिली. तो भरेना. कडेचं ओलं कुंकू घरंगळून त्यात साचलं.

तिने डावा पाय दाबला. तिथेही खड्डा. नडगी दाबली. तिथेही.

"अब तो भर गई ना, दीदी?" मांगीने कौतुकाने विचारलं.

दोन महिने ती ज्याला बाळसं म्हणत होती, ती भुकेने आलेली सूज होती.