अळणी श्रावण

तांब्या तोंडाशी नेता नेता शालनच्या हातून निम्मं पाणी पदरावर सांडलं. बाळाबाईनं सुनेच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठणकन ठेवला.

"बघितलंसा? रिक्षातनं उतरताना झोकांडी गेली तिची. सकाळधरनं उलट्या. दुखणं परत उलटलंय, डॉक्टर. गोळी वाढवा. चांगली जालीम द्या."

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात त्या काळी वेडाच्या दुखण्याची माणसं मागच्या दारानं येत, तोंडावर पदर घेऊन. बाळाबाई मात्र कसबा बावड्याहून सुनेचा हात धरून पुढच्या दारानं आली होती. नेहमीच तशी येई.

डॉक्टर मुजावरांनी औषधाच्या चिठ्ठीला हात लावला नाही. ते उठून शालनसमोर येऊन बसले.

"हात पुढं कर, पोरी. बोटं पसर बघू."

बोटं थडथडत राहिली.

"तुझं नाव सांग बघू मला."

"शा... लन." जीभ जड होऊन टाळूला चिकटत होती.

"मावशी, गेल्या साली दुखणं आलं तेव्हा हात असे कापत होते?"

"छ्या! तवा दोन गडी लागायचे आवरायला. आनि तोंड म्हंजे पिठाची गिरण. रातध्याड चालूच."

"आणि आता शब्द फुटत नाही. हे ते दुखणं नव्हे. गोळ्या कमीजास्त झाल्या?"

"हुतील कशा? माझ्या हातानं देते. गिळून आ केल्याबिगर मी जाग्यावरनं हलत न्हाय."

"मग घरात नवीन काय झालंय? खाण्यापिण्यात?"

"खाण्यापिण्यात काय, समदं चांगलंच की." बाळाबाईचा आवाज चढला, त्यात अभिमान होता. "सून उठून घराला लागली तर तिच्याकडनं श्रावणभर मीठ सोडवीन, असं अंबाबाईला बोललेवते मी. श्रावण लागल्यापासनं अळणी जेवतीया. पोरीनं एक दिस नेम मोडला न्हाय."

डॉक्टर शालनच्या हातांकडे बघत राहिले.

"मावशी, ही गोळी मिठाच्याच जातीची आहे. पोटात रोजचं मीठ गेलं नाही, की शरीर हिलाच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. गोळी तेवढीच, पण अंगात साठत गेली. आज मी वाढवून दिली असती, तर पोरगी हातची गेली असती."

बाळाबाई भिंतीला टेकली. आता काय ऐकायचं ते तिला पाठ होतं. अडाणी, देवभोळी, खेडवळ. पांढऱ्या कोटातल्या माणसांनी आजवर तिला हेच सुनावलं होतं. पदर खांद्यावर ओढून घेऊन ती ऐकायला उभी राहिली.

"चूक माझी झाली," डॉक्टर म्हणाले. "गोळी सुरू करताना तुमच्या ताटात काय असतं ते विचारायला पाहिजे होतं. सणवार, उपास, सगळं. मी नुसतं दुखणं विचारलं."

बाळाबाईनं ओढून धरलेला पदर सोडला आणि ती शालनच्या शेजारी बसली.

"गोळी आजपासून बंद. रक्त तपासायला पाठवू, आणि तिला इथंच ठेवून सलाईन लावू."

"बंद?" बाळाबाई घाबरली. "आनि येड परत आलं म्हंजे?"

"अंगातली उतरू दे, मग पुन्हा थोडीथोडी सुरू करू. तोवर मी आहे की. पण जेवण रोजच्या मिठाचं. कमी नको, जास्तही नको."

"देवीला काय सांगू मी? शब्द दिलाय न्हवं."

"आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या देवीचं मी काय सांगणार, मावशी? ते देवी आणि तुम्ही, दोघी बघा."

हाताची सुई निघाली त्या दुपारी बाळाबाई डबा घेऊन आली. भाकरी आणि मुगाची आमटी. शालन खाटेवर मांडी घालून बसली आणि स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करू लागली. डॉक्टर दारात उभं राहून बघत होते.

पहिल्याच घासाला शालननं तोंड वाकडं केलं.

"आत्ती, आमटी खारट झालीया की! चाखली न्हाईसा व्हय?"

"मला कुठलं चाखता येतंय?" बाळाबाई म्हणाली. "श्रावण तर सरूदे."