साधं मॉडेल

खंडेनवमीला शहरातल्या समा भागातल्या बंगल्यात पणजोबांची तलवार पाटावर पूजेला मांडली होती. शेजारी स्पोर्ट्स कारचं माहितीपत्रक. विक्रमसिंहाला साधं मॉडेल हवं होतं, धाकट्या यशराजला जास्त ताकदीचं. "साध्यात गिअरसुद्धा हाताने टाकत नाहीत. म्हाताऱ्यांची गाडी ती! घराणं शिपायांचं, अन् दादा, तू भागूबाई!" यशराज खिदळला. विक्रमसिंहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने झेंडूच्या माळेसकट तलवार उचलली. नुसता टोला हाणायचा होता. संस्थान गेल्यापासून तिला धार नव्हती. वार येताच यशराजने हसत डावा हात आडवा घातला. झेंडूबरोबर चार बोटं फरशीवर पडली. "नव्या गाडीबरोबर पुजायची म्हणून मीच धार लावून आणली रे," वडील पुटपुटले. दवाखान्यात, कोणती गाडी ठरली ते विचारायला गुजराती शोरूमवाल्याचा फोन आला: "कई गाडी, विक्रमभाई?" यशराज म्हणाला, "साधीच सांग, दादा. तिला डावा हात लागत नाही."