तिसरा टायमर

सुभेदारांनी नेमबाजीचा दुसराही टायमर काउंटरवर आदळला. "हाही मुका! बटण दाबल्यावर शिटी वाजायला हवी, तेव्हा गोळी सुटायला हवी. स्पर्धा महिन्यावर आलीय, सराव काय डोंबलाचा करू?"

"बाबा," मुलगी कानाशी वाकून म्हणाली, "दोन्ही वाजले."

दुकानदारानं मान खाली घातली. तीस वर्षं रेंजवर उघड्या कानांनी गोळीबार शिकवलेल्या सुभेदारांनी दोन्ही टायमर बाजूला सारले. मग घसा खाकरून म्हणाले, "तिसरा काढा. पोरी, या खेपेला तू दाब बटण."

तिनं टायमर घेतला. शिटीला तिच्या पापण्या कधी लवतात, यावर बाबांनी नजर रोखली, नेम धरावा तशी. तिचे डोळे भरून आले, पापण्या मिटल्या.

"वा! खणखणीत वाजला!" सुभेदार ओरडले. "हाच बांधून द्या."

तिचा अंगठा अजून बटणाला लागलाही नव्हता.