नाण्यांच्या डब्या

“यांना घाम सुटलाय, मावशी,” दुकानदार म्हणाला आणि त्याने नाणं दिव्याखाली धरलं.

चांदीवर हिरवट, चिकट थर चढला होता. सासूबाई आणि शेजारी उभी असलेली त्यांची सून, दोघीही बघायला पुढे वाकल्या. मुलाने ज्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ही नाणी घालून ठेवली होती, त्याच पाकिटांत, त्याच पत्र्याच्या डब्यात ती कपाटाच्या तळाशी पडून होती. मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला, त्यानंतर त्यांनी डब्याला हात लावला नव्हता. जसं आहे तसं ठेवलं की ते टिकतं, अशी त्यांची समजूत.

डबा उघडला तो सुनेने. आपलं सामान बांधता बांधता तिला तो सापडला. “आई, नाणी खराब होताहेत,” ती म्हणाली होती. “मी जायच्या आधी त्यांची काहीतरी सोय करू या.”

येत्या रविवारी तिचं दुसरं लग्न होतं. ‘कर बाई, तुझं अख्खं आयुष्य पडलंय’ असं सासूबाईच आधी म्हणाल्या होत्या. पण त्यांचं तोंड पुढे गेलं आणि मन मागेच राहिलं. लग्न ठरल्यापासून घरात कामापुरतंच बोलणं होत होतं. मुलगा गेला तेव्हा तिचे आईवडील तिला न्यायला आले होते. ती गेली नव्हती. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, डोळ्यांत औषधाचे थेंब घालणं, रात्रीचं उठणं, सगळं तिने निमूटपणे केलं होतं. आता ती जाणार म्हटल्यावर सासूबाईंना तिच्या उपकारांचाही राग येत होता.

“प्लॅस्टिक मऊ असलं की काही वर्षांनी पाझरतं,” दुकानदार सांगत होता. “हे निघेल. धुऊन देतो. घासू मात्र नका कधी. आणि पुन्हा त्या पाकिटांत नको.” त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक जाड पारदर्शक नळी आणि एक चपटी, गोल, काचेसारखी डबी. डबी नाण्याच्या मापाची होती. घट्ट असली तर ओरखडे पडतात, सैल असली तर नाणं आत खुळखुळतं, असं तो म्हणाला. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या सासूबाईंना एवढं पटकन कळलं.

“यातलं काय घ्यावं?” त्यांनी विचारलं.

“नुसती ठेवायची असतील तर नळी पुरे. एकावर एक रचायची, झाकण फिरवायचं आणि विसरून जायचं. पण कुणी काढून बघणार असेल, तर प्रत्येकाला वेगळी डबी. कोण बघणार आहे?”

सासूबाईंनी नळी उचलून तिचं झाकण फिरवून पाहिलं. त्या बघणार नव्हत्या. बघवलं असतं तर डबा इतकी वर्षं बंद राहिला नसता. त्यांच्यामागे घर पुतण्याकडे जाणार होतं, आणि तो माणूस चांदी म्हटली की आधी वजन विचारणारा. नळीच बरी, असं त्या म्हणणार होत्या.

तेवढ्यात त्यांचं लक्ष सुनेकडे गेलं. दुकानदाराने धुऊन पुसलेली नाणी ती एकेक करून कडेला धरून उचलत होती.

“हे जहाजाचं,” ती हळूच म्हणाली, कुणाला उद्देशून असं नाही. “त्यांचा पहिल्यांदा पगार वाढला तेव्हाचं. पायात तुटकी चप्पल आणि हातात हे. आणि हा पक्षी. आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तीन दिवस अबोला. मग माझ्या उशीखाली हे ठेवलं, आणि वर म्हणतात कसे, मला नाही माहीत, पक्षी उडत आला असेल.”

ती हसली. हसता हसता तिने नाक ओढलं आणि नाण्यावर पाणी पडू नये म्हणून हात लांब केला.

सासूबाईंना हे भांडण माहीत नव्हतं. हा पक्षीही माहीत नव्हता. इतकी वर्षं त्या डब्याची राखण करत होत्या, आणि डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेकाचे कितीतरी दिवस या पोरीपाशी होते. त्यांचा विषय तिने कधी काढला नाही, कारण घरात त्याचं नाव निघालं की सासूबाई उठून आत जात.

“डब्या द्या,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “सगळ्यांना वेगवेगळ्या.”

दुकानदाराने एकेक नाणं बसवलं. प्रत्येक डबी मिटताना बारीक टक् असा आवाज होई. सगळ्या भरून झाल्यावर सासूबाईंनी पिशवी सुनेच्या हातात दिली.

“घरी गेल्यावर कपाटात ठेवते,” सून म्हणाली.

“कपाटात नको. तुझ्या बॅगेत ठेव.”

सुनेने पिशवी परत त्यांच्यापुढे धरली. “आई, नको. तुमच्यापाशी त्यांचं दुसरं राहिलंय काय? आणि तिकडे नेऊ कशी? कुणाची म्हणून विचारलं, तर काय सांगू?”

सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी सारखी केली.

“माहेरची आहेत म्हणून सांग.”