खडूच्या फुल्या

"कुठंय फुली, गोदाक्का?" रेल्वेच्या दगडी पुलाच्या शेवटच्या कमानीवर हात फिरवत तावडेसाहेबांनी विचारलं.

"कालच मारल्या की, साहेब. हातोडीनं ठोकायचं, सांधा पोकळ वाजला की फुली. आज्यापासनं असंच चालत आलंय."

"फुली नाही म्हणजे पूल धडधाकट. पाण्याची गाडी सोडलीसुद्धा मी."

गोदाक्कानं खडू काढून त्यांच्यासमोरच ठळक फुली मारली. दोघांच्या डोळ्यांदेखत ती फिकट होत नाहीशी झाली.

शहरातला सिमेंटचा राडारोडा खायला सोडलेले जंतू घाटात पोचले होते. त्यांना खडू चालत होता आणि पुलाच्या सांध्यांतला, गूळ-हिरडा घालून मळलेला, दीडशे वर्षांचा चुनाही.

"किती फुल्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

"बाराही कमानींवर."

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी पलीकडून पुलावर शिरली होती, आणि ती गोदाक्काची लेक तेजू चालवत होती. दोघं धावत रुळांपाशी आले. साहेबांनी लाल झेंडा उचलला.

"नको! थांबली तर पुलावरच थांबेल. पळू दे तिला."

गोदाक्कानं हिरवा झेंडा उंच धरला. खिडकीतून तेजूनं हसून हात हलवला आणि आईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून, रोजच्यासारखी, गाडी हळू केली.